पिंकीचा पूर्वपक्ष

६ जानेवारी

तास चालू असताना दोन माणसं मोजपट्टीचा टेप घेऊन सरळ वर्गात शिरली. "येऊ का" वगैरे काही नाही. एकानं फळ्याखाली टेपचं टोक धरलं, दुसरा खिडकीपर्यंत गेला आणि आकडा ओरडला. मी अनुमान शिकवत होते. डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे अग्नी असणार. मागून प्रितम म्हणाला, "मॅडम, वर्गात टेप दिसतोय, म्हणजे भिंत पडणार." सगळे हसले. तिसऱ्या वर्षाला माझे सहाच विद्यार्थी आहेत, पण हसतात साठ जणांसारखे.

नंतर कार्यालयात चौकशी केली. त्या खोलीत म्हणे वेल्डिंग शिकायची यंत्रं बसणार. जूनपासून बीएचे नवे प्रवेश बंद करून 'कौशल्य केंद्र' काढायचं चाललंय. प्राचार्यांना विचारलं तर म्हणाले, "अजून काहीच ठरलेलं नाही." काहीच ठरलेलं नसताना भिंती कशाला मोजतात, हे विचारणार होते. विचारलं नाही. प्राचार्य निवृत्तीला आले आहेत आणि त्यांना प्रश्न सोसत नाहीत.

८ जानेवारी

सचिवांनी बोलावलं होतं. दिग्विजयराव म्हणजे आमच्या अध्यक्षांचे, आबाजींचे धाकटे चिरंजीव. कॉलेज उभं आहे ते मोशीतल्या आबाजींच्याच शेतात. गावातल्या मुलींना चालत जाता यावं म्हणून त्यांनी ते काढलं, तेव्हा आजूबाजूला ज्वारी होती. आता चहूबाजूंनी सोसायट्या उभ्या आहेत आणि त्यांतली एकही मुलगी आमच्याकडे येत नाही. गेल्या जूनमध्ये ज्योतीराम सर प्रवेशाची पत्रकं घेऊन एका सोसायटीच्या गेटवर गेले, तर वॉचमन म्हणाला, "गाद्यावाले आणि आर्ट्सवाले, दोघांना आत सोडायचं नाही अशी ऑर्डर आहे." ही गोष्ट सरांनीच सांगितलेली आहे आणि ते मराठी शिकवतात, तेव्हा थोडी वजावट करायला हवी.

दिग्विजयराव गोड बोलतात, त्याचाच त्रास होतो.

"मॅडम, खरं सांगा. तुमच्या फिलॉसॉफीला पोरं किती?"

"तिसऱ्या वर्षाला सहा."

"त्यातली चार कंपनीत जातात. कॉन्ट्रॅक्टवर."

"पाच."

"बघा, तुम्हीच दुरुस्त केलं!" ते हसले. मग म्हणाले की नव्या केंद्रात मुलांना मुलाखतीत कसं बोलावं, कसं वागावं हे शिकवायला कुणीतरी लागणार. "समन्वयक म्हणून माझ्या डोक्यात तुमचंच नाव आहे. बाकीच्यांना संस्थेच्या जुन्नरच्या कॉलेजात पाठवावं लागेल, इलाज नाही."

मी म्हटलं, "विचार करते."

प्रामाणिकपणे नोंदवायचं तर या प्रस्तावाचा मला आनंद झाला नाही. जुन्नर ऐकताच घरापासूनच्या अंतराचा हिशेब डोक्यात सुरू झाला होता, तो केबिनमधून बाहेर पडताना थांबला होता, एवढंच. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे असं म्हणायला पुरेसा आधार नाही.

१६ जानेवारी

शुक्रवार, म्हणजे वादाचा तास. माझ्या वर्गात त्याची एक रीत आहे. कुणाचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी त्याचीच बाजू मांडायची, म्हणजे पूर्वपक्ष. आणि ती अर्धवट, वाकडी करून नाही. इतकी चोख मांडायची की समोरच्यानं स्वतःहून म्हटलं पाहिजे, "हो, हेच मला म्हणायचं होतं." तोवर परत मांड, परत मांड. मग उत्तरपक्ष. ही रीत आपल्याकडच्या जुन्या पंडितांची. मी फक्त ती बाकावर आणून बसवली. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मी काही शिकवलं असेल तर हेच.

आजचा विषय ओंकारनं दिला: कंपनीत लाइनवर मोबाइल काढून घेतात हा अन्याय आहे. सुपरवायझरची बाजू पिंकीकडे आली. पिंकी मूळची परभणीकडची, इथे मोशीत आईबरोबर राहते. दुपारनंतर चाकणला गाड्यांच्या वायरी जोडण्याच्या कंपनीत जाते, सकाळी आमच्याकडे. तिनं सुपरवायझर असा उभा केला की त्याचं वरून येणारं टार्गेट, हात अडकलेल्या मुलीचा त्यानं पाहिलेला अपघात, त्याच्या बायकोचे त्यालाच न उचलता येणारे फोन, सगळं दिसलं. ओंकार म्हणाला, "हो बाई, हेच म्हणायचं असंल त्याला."

पिंकी मात्र वैतागलेली. "मॅडम, हे लई नुकसानीचं काम आहे. त्याची बाजू मांडली आणि त्याच्यावरचा रागच गेला. आता दुपारी भांडू कसं?"

तास संपत आला होता. उत्तरपक्ष नेहमीप्रमाणे मीच दिला. मुलांवर सोपवला तर वेळ पुरत नाही.

२२ जानेवारी

बुद्धभूषणला समन्वयकपदाचं सांगितलं. नवऱ्याला सांगायला दोन आठवडे का लागले, ते माहीत नाही. तो चाकणलाच कंपनीत क्वालिटीला आहे. जेवता जेवता म्हणाला, "घे की मग. आकुर्डीतून रोज जुन्नरला जाणारेस का?"

"पण तिथे शिकवायचं काय? हात कसा मिळवायचा?"

"शिकव तुला हवं ते. आमच्याकडे मुलाखतीला पोरं येतात, सगळी एकच पाठ केलेलं बोलतात. एक वाक्य स्वतःचं नसतं राव कुणाचं."

"अरे, स्वतःचं वाक्य बोलायलाच तर आम्ही शिकवतो!"

"शिकवता ना? मग हे कुणाला माहितीय?"

मला राग आला. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा राग आला की तो निस्तरणं अवघड जातं. मी भांडी जोरात घासली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सभा आहे. आबाजी, पालक, गावकरी. आबाजींचा कल बंद करण्याकडे आहे, पण कॉलेज राहावं की जावं हे ते सगळ्यांचं ऐकून ठरवणार आहेत. कॉलेजच्या बाजूनं एक जण बोलणार. ज्योतीराम सर म्हणाले, "मिनल मॅडम, तुम्हीच बोला, तुमचं म्हातारा ऐकतो." पण शिक्षक बोलला की तो स्वतःच्या नोकरीसाठी बोलतोय असं दिसतं. विद्यार्थ्यानं बोललेलं अधिक निर्मळ. मी पिंकीचं नाव दिलं. तिला एवढंच सांगितलं, "वर्गात बोलतेस तशीच बोल."

२६ जानेवारी

सगळं हातचं गेलं. शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

मंडपात खुर्च्या भरलेल्या. स्टेजवर आबाजी, दिग्विजयराव, प्राचार्य आणि कडेला मी. मागे जिलेबीचे खोके. आधी एका पालकानं, मग एका माजी सरपंचानं "आजच्या स्पर्धेच्या युगात" वगैरे केलं. मग पिंकी आली. कंपनीचा निळा शर्ट घालूनच. सुट्टी असूनही सभेनंतर शिफ्ट होती.

तिनं सुरुवात केली, आणि रीतीप्रमाणे पूर्वपक्षापासून केली.

"आबाजींचं म्हणणं आधी सांगते. सकाळी मोशी चौकात कंपनीची बस येते. ती बस कुणाला बीए विचारत नाही. लाइनवर माझ्या शेजारी एक मुलगी बसायची, दहावी नापास. मी तीन वर्षं इथं शिकले, तिनं तीन वर्षं काम केलं. आज ती लाइन लीडर आहे आणि मी तिच्या हाताखाली. इथं वाईट शिकवतात का? नाही. पण विचार करायला निवांतपणा लागतो, आणि आमच्या घरी तोच नाही. ज्यांना मोठ्या कॉलेजात जाता येतं ते इथं येत नाहीत. ज्यांना कुठंच जाता येत नाही ते येतात. लोक या कॉलेजला उरलेल्यांचं कॉलेज म्हणतात. आबाजींनी जमीन दिली ती गावातल्या मुली पुढं जाव्यात म्हणून. मुली पुढं जायचा रस्ता आता दुसरीकडून जात असेल, तर जमिनीनं रस्ता अडवून बसू नये. ज्यानं प्रेमानं बांधलं त्यालाच प्रेमानं बंद करायचा हक्क असतो."

इतका सुंदर पूर्वपक्ष मी वीस वर्षांत ऐकलेला नाही. आणि मग ती आबाजींकडे वळून रीतीप्रमाणे म्हणाली, "आबाजी, बरोबर मांडलं का?"

आबाजी म्हणाले, "व्हय पोरी. अगदी ह्येच म्हनायचं व्हतं मला." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या मंडपानं वाजवल्या.

टाळ्या चालू असताना पिंकीनं माझ्याकडे पाहिलं, बहुधा शाबासकीसाठी. मी मान हलवली. खरंच उत्तम मांडलं होतं.

तेवढ्यात दिग्विजयरावांनी माइक घेतला. "विद्यार्थ्यांनाच पटलंय, तर आता आम्ही काय बोलायचं? जिलेबी घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही!"

बोलून झालं, संपलं. उत्तरपक्ष राहिला तो राहिलाच.

२७ जानेवारी

कुणीतरी तिच्या भाषणाचा व्हिडिओ काढला होता. आज तो मला नणंदेकडून आला, मग सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग ज्या मैत्रिणीशी पाच वर्षं बोलणं नाही तिच्याकडून आला. वर मथळा: 'मोशीच्या लेकीनं सांगितलं बीएचं खरं.' संध्याकाळी अण्णांचा फोन. माझे वडील, साहेबराव, जन्मभर कारखान्यात लेथवर उभे राहिले आणि मला तत्त्वज्ञान शिकू दिलं. वस्तीतल्या लोकांनी वेड्यात काढलं तरी शिकू दिलं. म्हणाले, "मिनल, ती तुझी पोरगी ना गं? काय बोलली! मला तर पूर्ण पटलं."

ज्योतीराम सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "अभिनंदन. आपल्या कॉलेजचं इतकं चांगलं श्राद्ध कुणी घातलं नसतं."

मुलीला एवढी साधी गोष्ट कळू नये? सभेत माइक हातचा गेला की परत मिळत नाही. मी तिला उत्तराला वेळ राखून ठेव असं सांगितलं होतं का? आठवत नाही. सांगायला हवं होतं असं नाही. तारतम्य नावाची गोष्ट असते.

३० जानेवारी

वर्गात विषय काढला. चढ्या आवाजात काढला, हे कबूल.

"पिंकी, तू मधेच थांबलीस कशी?"

"मी कुठं थांबले, मॅडम? माझं झालं होतं."

"आणि उत्तरपक्ष?"

ती गोंधळली. "तो तुमचा असतो ना?"

"तीन वर्षं तुम्हीच देताय, मॅडम," प्रितम म्हणाला. "आमच्यापैकी कुणी दिलाय का कधी?"

पिंकी म्हणाली, "मी बघितलं तुमच्याकडं. तुम्ही मान हलवली. मला वाटलं, आता मॅडम उठायलेत. म्हणून मी माइक खाली ठेवला."

मी त्यांना वर्ग आणि सभा यांतला फरक समजावून सांगितला. प्रसंग वेगळा, संकेत वेगळे, व्यासपीठावरच्या माणसाला असं मधेच उठता येत नाही, आणि शिक्षकापेक्षा विद्यार्थ्यानं बोललेलं निर्मळ. नीट, मुद्देसूद सांगितलं. कुणी काही लिहून घेतलं नाही.

परत येताना स्पाइन रोडच्या सिग्नलला तिच्या पूर्वपक्षाचं उत्तर सुचलं. त्या मंडपात इतकी माणसं होती. प्रत्येकाला आपापली बाजू होती, आणि ती ओरडून सांगता येत होती. समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडून त्याला 'हेच म्हणायचं होतं' असं म्हणायला लावणारी एकच व्यक्ती होती. ती हे कुठे शिकली? ज्या खोलीच्या भिंती मोजून नेल्या तिथे. म्हणजे कॉलेजचा पुरावा माइकसमोर निळ्या शर्टात उभा होता, आणि लोकांनी त्यालाच कॉलेजविरुद्धची साक्ष समजून जिलेबी खाल्ली.

मागचे हॉर्न वाजवत होते.

अर्थात हे पुरेसं नाही. एक पिंकी म्हणजे कॉलेज नव्हे. प्रितमनं तीन वर्षांत एक पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही. आणि त्या दहावी नापास लाइन लीडरचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण बोलण्याइतकं होतं. चार मिनिटं उभं राहून बोलण्याइतकं नक्की होतं.

३ फेब्रुवारी

आबाजींना भेटले. सकाळी ते त्यांच्या मंगल कार्यालयात बसतात. लग्नाची तयारी चालली होती, पोरं शिडीवर चढून झेंडूच्या माळा बांधत होती.

"या बाई. च्या घ्या."

मी रीतीनं सुरुवात केली, "आबाजी, आधी तुमचं म्हणणं मांडते..."

"ते झालं की. पोरीनं मांडलं. म्होरलं बोला."

बोलले. सिग्नलवरचं सगळं, लाइन लीडरचं उत्तर माझ्याकडे नाही यासकट. आबाजी मधेच "पिवळी वर घे रं, लाल खाली" असं शिडीवरच्याला सांगत होते, पण ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "बाई, हे त्या दिशी का न्हाई बोलल्या?"

मी म्हटलं, माइक सचिवांकडे होता.

"मी टाळ्या कशापायी वाजिवल्या? एका पैलवानानं शड्डू ठोकला की दुसरा उतरतो आखाड्यात. मला वाटलं, आता कुनीतरी मास्तर उठल, पोरीला जबाब दील. मी वाट बघतोय आन् तुमी सगळी जिलेबीकडं." त्यांनी बशीत चहा ओतला. "शनवारी माझी सही झाली. दिग्या कागद घिऊन गेला."

"मागे नाही घेता येणार?"

"चारचौघांत टाळ्या वाजवून दिलेलं घरात बसून मागं कसं घिऊ? लोक कारन इचारतील. काय सांगू, बाई च्याला आल्या व्हत्या?"

मी उठले. ते म्हणाले, "आन् दिग्या म्हनला तुमी नव्या केंद्रात हाय. म्हनून मला वाटलं, तुमास्नी बी पटलंय."

"मी अजून हो म्हटलेलं नाही."

"न्हाई बी म्हनल्या न्हाईत."

हे वस्तुस्थितीला धरून आहे. मी 'विचार करते' म्हटलं होतं. महिना होत आला, विचार चालू आहे.

५ फेब्रुवारी

कॉलेजच्या गेटवर भला मोठा फ्लेक्स लागलाय. 'कौशल्य केंद्र, जूनपासून प्रवेश सुरू.' दिग्विजयराव हात जोडून, आणि त्यांच्या शेजारी मी: 'समन्वयक, प्रा. मिनल ओव्हाळ.' ओळखपत्रावरचा फोटो ताणून लावलाय, तोंड दुधी भोपळ्यासारखं दिसतं. मला न विचारता! संताप आला. उद्या सचिवांकडे जाऊन फोटो बदलायला सांगणार आहे.

हे आत्ता परत वाचलं. फोटो बदलायला?

६ फेब्रुवारी

शुक्रवार. विषय मीच फळ्यावर लिहिला: 'मॅडम सभेत गप्प बसल्या हे योग्य होतं.' आणि खाली येऊन पुढच्या बाकावर बसले. या बाकांवर गुडघे ठेवायला जागा नाही, हे मला माहीत नव्हतं.

"ही माझी बाजू," मी म्हटलं. "पूर्वपक्ष कोण मांडणार?"

प्रितम म्हणाला, "मॅडम, अजून परीक्षेचे मार्क तुमच्या हातात आहेत." हशा पिकला. मग पिंकी उठली.

"मॅडम स्टेजवर होत्या. शेजारी प्राचार्य, माइक सचिवांकडे. स्टेजवरच्या माणसानं मधेच उठणं बरं दिसत नाही. शिवाय शिक्षक बोलला की लोक म्हणतात, पोटासाठी बोलला. म्हणून विद्यार्थ्यानं बोलावं, ते निर्मळ असतं."

एकेक शब्द माझाच. मी मान हलवायला लागले, तशी ती म्हणाली, "थांबा, मॅडम. अजून आहे."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. तिथून फ्लेक्सची मागची बाजू दिसते.

"बाकीच्या शिक्षकांना जुन्नरला पाठवणार हे आता कॉलेजभर झालंय. मॅडमना तिकडं जायचं नव्हतं. घर आकुर्डीत, माणसं इथं. नव्या केंद्रात त्यांना जागा होती. उठून बोलल्या असत्या तर ती गेली असती. हे त्यांना त्या वेळी माहीतसुद्धा नसंल. माणूस आधी बसून राहतो आणि कारणं मागून येतात. त्या वाईट म्हणून नाही बसल्या. लाइनवर शेजारच्या पोरीला सुपरवायझर बोलतो तेव्हा मी बसते ना, तशाच बसल्या."

ओंकार बाकावर नखानं रेघा मारत होता.

"मॅडम," पिंकी म्हणाली, "बरोबर मांडलं का?"

रीत माझीच. परत मांड, असं म्हणता आलं असतं. कुठे काय राहिलंय ते मात्र सांगता आलं नसतं.

"हो," मी म्हटलं. "हेच मला म्हणायचं होतं."

मग सगळे सवयीनं माझ्याकडे बघायला लागले, उत्तरपक्षासाठी. मी खडू पिंकीपुढे धरला. तिनं तो घेतला, जरा वेळ हातात फिरवला.

"उत्तर," ती म्हणाली. "पहिली गोष्ट, गेटवरचा तो फ्लेक्स."

मी वही उघडली आणि लिहून घ्यायला लागले.